कोडशेजारच्या आकृत्या: प्रोग्रॅमर वारंवार विचारतात ते प्रश्न

सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनची आपल्याकडे दोन टोकं आहेत. एक म्हणजे क्लायंटला द्यायची जाडजूड वर्ड फाइल, जी साइन-ऑफ झाल्यावर पुन्हा कुणी उघडत नाही. दुसरं म्हणजे ‘कोड वाच, कळेल’. हे पान त्यांच्या मधल्या जागेबद्दल आहे: प्रोग्रॅमरने दुसऱ्या प्रोग्रॅमरसाठी काढलेल्या आकृत्या. टीममध्ये नवीन येणाऱ्यांना केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे कामाची माहिती सोपवणं) देताना जे प्रश्न दरवेळी येतात, तेच इथे घेतले आहेत. उत्तरं कामातून आलेली आहेत, त्यामुळे काही ठिकाणी मतं जरा ठाम वाटतील.

कोड आहेच की. मग आकृती कशाला?

कोड एका वेळी एक फाइल असा वाचला जातो. घोळ मात्र बहुतेक वेळा दोन फाइलींच्या, दोन सर्व्हिसच्या (सिस्टिमच्या स्वतंत्र चालणाऱ्या भागांच्या) किंवा दोन टीमच्या मधल्या फटीत असतो. सातबारा आठवा. खातेदार कोण, क्षेत्र किती, पीक कोणतं, बोजा किती, सगळं त्यात असतं. पण शेजारचा गट कोणाचा आणि वाट कुणाच्या बांधावरून जाते हे बघायला गट नकाशाच उघडावा लागतो. अख्ख्या गावाचे उतारे वाचून काढले तरी डोक्यात नकाशा उमटत नाही. कोड हा सातबारा आहे. आकृतीने नकाशाचं काम करावं, उताऱ्याची नक्कल करू नये.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे जे घडायला नको ते कोडमध्ये दिसतच नाही. समजा ठरलंय की रिपोर्टिंग सर्व्हिसने ऑर्डरच्या डेटाबेसमध्ये कधीच लिहायचं नाही, फक्त वाचायचं. हा नियम कोडच्या कुठल्या ओळीत सापडेल? कुठल्याच नाही, कारण नियम पाळणं म्हणजे एक ओळ न लिहिणं. आकृतीत मात्र त्या दोन चौकोनांमध्ये लिहिण्याचा बाण नाही हे डोळ्यांना दिसतं, आणि उद्या कुणी तो बाण काढायला गेलं तर निदान चर्चा तरी होते.

म्हणून माझा साधा निकष: एक फाइल उघडून दोन मिनिटांत जे कळतं, त्याची आकृती काढू नका.

‘व्हिज्युअल मॉडेल’ आणि नुसतं चित्र यांत फरक काय?

चित्रात बाण म्हणजे ‘काहीतरी संबंध आहे’. मॉडेलमध्ये प्रत्येक खुणेचा एकच अर्थ ठरलेला असतो. व्हाइटबोर्डवर ‘अ’कडून ‘ब’कडे बाण काढला की खोलीतल्या चार जणांच्या मनात चार अर्थ असतात: अ हा ब ला कॉल करतो, डेटा अ कडून ब कडे जातो, अ हा ब वर अवलंबून आहे, किंवा आधी अ आणि मग ब होतं. कॉलची दिशा आणि डेटाची दिशा तर पुष्कळदा उलट असते. आपण एपीआयला (दुसऱ्या प्रोग्रॅमने माहिती मागण्यासाठी ठेवलेल्या खिडकीला) कॉल करतो तेव्हा बाण तिकडे जातो आणि माहिती इकडे येते.

उपाय सोपा आहे. बाणावर क्रियापद लिहा. ‘वाचतो’, ‘इव्हेंट पाठवतो’, ‘दर रात्री फाइल टाकतो’. या एका सवयीने निम्म्या आकृत्या सुधारतात. दुसरी सवय: आकृतीतलं नाव आणि कोडमधलं नाव एकच हवं. आकृतीत ‘पेमेंट मॉड्यूल’ आणि रेपोत (कोड जिथे साठवतात तिथे) त्याचं नाव काहीतरी तिसरंच असेल, तर सर्च करणारा हात चोळत बसतो.

पण यूएमएल तर संपलं ना?

यूएमएल म्हणजे सॉफ्टवेअरच्या आकृत्यांसाठी ठरवलेली खुणांची प्रमाण भाषा. ते संपलं म्हणण्यापेक्षा त्याचा दिमाख उतरला असं म्हणू. १९८० आणि ९० च्या दशकांत ऑब्जेक्ट-ओरिएंटेड डिझाइनच्या अनेक पद्धती होत्या आणि प्रत्येकीच्या खुणा वेगळ्या. ग्रेडी बूच ढगांसारखे आकार काढत, जेम्स रंबॉ चौकोन. १९९४ मध्ये रंबॉ हे बूच जिथे काम करत त्या रॅशनल कंपनीत आले, पुढच्या वर्षी इव्हार जेकबसनही आले, आणि तिघांनी मिळून खुणा एक केल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये ओएमजी या संस्थेने यूएमएल १.१ ला मानक म्हणून मान्यता दिली. पुढे मानक फुगत गेलं. २.५ आवृत्तीत १४ प्रकारच्या आकृत्या आहेत.

मूळ महत्त्वाकांक्षा मोठी होती: आकृती काढा, कोड आपोआप तयार होईल, कोड बदलला की आकृती बदलेल. महागडी टूल्स विकली गेली. पण आकृतीत कोडइतके बारकावे भरायचे तर ती कोडइतकीच किचकट होते, आणि मग थेट कोडच का लिहू नये? मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ मधून यूएमएलचे डिझायनर काढून टाकले तेव्हा फारसं कुणी रडलं नाही.

मारियन पेट्रे या संशोधिकेने ५० व्यावसायिक सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या मुलाखती घेऊन २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. ३५ जण यूएमएल अजिबात वापरत नव्हते. ११ जण निवडक वापरत होते: हवी ती आकृती, हवी तेवढी, काम झालं की सोडून द्यायची. तिघे त्यातून कोड तयार करत होते. एक जण काम झाल्यावर, मागणी म्हणून आकृत्या जोडून देत होता. सगळं यूएमएल मनापासून वापरणारा एकही सापडला नाही.

मला यातले ११ जण महत्त्वाचे वाटतात. यूएमएलचा धर्म संपला, पण त्याच्या दोन-तीन खुणा रोजच्या बोलीत राहिल्या. सिक्वेन्स डायग्राम (कोण कुणाला कोणत्या क्रमाने निरोप पाठवतं त्याची आकृती) काढताना आज कुणाला आपण यूएमएल लिहितोय असं वाटतही नाही.

इंजिनिअरिंगला असताना प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सगळ्या आकृत्या काढल्या होत्या. सगळ्या लागतात का?

नाही. ब्लॅक बुकचं बाइंडिंग करायच्या आदल्या रात्री, कोड लिहून झाल्यावर, मार्कांसाठी काढलेल्या त्या आकृत्या. यूज केस डायग्राममध्ये (सिस्टिम कोण कशासाठी वापरतं त्याच्या आकृतीत) काड्यांचा माणूस आणि ‘लॉगिन’ असा लंबगोल. व्हायव्हाला परीक्षकांनी ‘इन्क्लूड आणि एक्स्टेंडमध्ये फरक काय’ विचारलं की घाम फुटायचा. त्या अनुभवाने एका पिढीचं या विषयाशी वाकडं झालं, आणि त्यात विषयाचा दोष कमीच आहे.

मी स्वतः चारच वापरतो: सिस्टिमची हद्द दाखवणारी एक, सिक्वेन्स, स्टेट (एखादी गोष्ट कोणत्या अवस्थांतून जाते) आणि डेटाबेसची ईआर (कोणतं टेबल कशाशी जोडलेलं आहे). बाकीच्या गरज पडली तर बघू.

सुरुवात कुठून करायची?

हद्दीपासून. मधोमध एकच चौकोन, तुमची अख्खी सिस्टिम. भोवती ती कोण वापरतं आणि ती कुणाशी बोलते: पेमेंट गेटवे, एसएमएस पाठवणारा, क्लायंटचा जुना ईआरपी (कंपनीचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर), रात्री दोन वाजता आपोआप चालून सीएसव्ही फाइल टाकणारा तो कुणालाच नीट माहीत नसलेला जॉब. ही आकृती काढायला अर्धा तास लागावा. पण मी ज्या टीमबरोबर ती काढली, तिथे जवळजवळ दरवेळी निदान एक बाण असा निघाला की जो लीडलाही माहीत नव्हता.

पुढची पातळी हवी असेल तर सायमन ब्राउन यांचं सी-फोर मॉडेल बघा. गुगल मॅपवर झूम करावं तशा त्यात चार पातळ्या आहेत: कॉन्टेक्स्ट, कंटेनर, कंपोनंट, कोड. इथला कंटेनर म्हणजे डॉकर या टूलचा कंटेनर नव्हे, हे पहिल्याच मिनिटाला सांगून टाका. इथे कंटेनर म्हणजे स्वतंत्रपणे चालणारी किंवा डेटा साठवणारी गोष्ट: वेब अॅप, मोबाइल अॅप, डेटाबेस. पहिल्या दोन पातळ्या बहुतेक टीमना पुरतात. तिसरी एखाद्या गुंतागुंतीच्या भागापुरती काढा. चौथीच्या वाटेला जाऊ नका, ते काम आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) करतो.

सगळ्यात दुर्लक्षित आकृती कोणती?

स्टेट डायग्राम. याबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण मला वाटतं प्रोग्रॅमरला सर्वाधिक परतावा देणारी हीच आकृती आहे आणि सर्वात कमी काढली जाणारीही हीच.

रेल्वेचं तिकीट घ्या. गणपतीला कोकणात जायचं तिकीट काढणाऱ्याला वेटिंग, आरएसी, कन्फर्म हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. आता हे कोडमध्ये लिहायचंय असं समजा. पहिल्या झटक्यात बहुतेक जण टेबलात तीन बुलियन (फक्त हो किंवा नाही असणारे रकाने) टाकतात: कन्फर्म आहे का, आरएसी आहे का, रद्द आहे का. तीन बुलियनच्या आठ जोड्या होतात. त्यातल्या अर्थपूर्ण चारच. उरलेल्या चार जोड्या, म्हणजे ‘कन्फर्मही आहे आणि आरएसीही आहे’ अशी तिकिटं, कधीतरी रात्री तीन वाजता प्रॉडक्शनमध्ये (ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिममध्ये) उगवतात.

स्टेट डायग्राम काढायला बसलात की प्रश्न आपोआप पडतात. वेटिंगचं आरएसी होतं, आरएसीचं कन्फर्म होतं. वेटिंगवरून थेट कन्फर्म होऊ शकतं का? उलटा बाण आहे का? चार्ट लागला की काय बदलतं? ई-तिकिटावरचे सगळेच प्रवासी चार्ट लागल्यावरही वेटिंगमध्येच राहिले तर तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात, म्हणजे तिथे प्रवाशाने काहीही न करता घडणारा एक बाण आहे. आरएसीवाला मात्र चार्टनंतरही गाडीत बसतो, साइड लोअरचा अर्धा वाटा त्याचा असतो, आणि बर्थ रिकामा निघाला तर टीटीई तो त्याला देऊ शकतो. म्हणजे आरएसीची गोष्ट चार्टबरोबर संपत नाही.

आणि मग खरा प्रश्न येतो: ही अवस्था नक्की कुणाची? पीएनआरची की प्रवाशाची? एका पीएनआरवर सहापर्यंत प्रवासी असू शकतात. चौघांचं कुटुंब, तिघे कन्फर्म, आजोबा वेटिंगवर. अवस्था पीएनआरला चिकटवली असेल तर हे टेबलात बसतच नाही. कोड लिहून सहा महिन्यांनी कळलं असतं ते चार गोल आणि सहा बाण काढताना दहा मिनिटांत कळतं.

थोडा इतिहास इथे सांगण्यासारखा आहे. इस्रायली संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हॅरेल १९८३ मध्ये लावी या लढाऊ विमानाच्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम करणाऱ्या अभियंत्यांना सल्ला द्यायला गेले. जाडजाड दस्तऐवज होते, माणसं आपापल्या विषयात पारंगत होती. पण विमान अमुक स्थितीत असताना तमुक बटण दाबलं तर काय होईल, याचं उत्तर नेमकं कुठे लिहिलंय हे सांगणं कठीण. हॅरेल यांनी जुन्या स्टेट डायग्रामला दोन गोष्टी जोडल्या: एका अवस्थेच्या पोटात दुसऱ्या अवस्था ठेवता येणं आणि दोन गोष्टी समांतर चालू शकणं. १९८७ मध्ये त्यांचा स्टेटचार्टवरचा निबंध प्रसिद्ध झाला आणि यूएमएलची स्टेट डायग्राम त्यावरूनच आली. पोटात अवस्था ठेवण्याची सोय नसेल तर खऱ्या सिस्टिमची आकृती कोळ्याचं जाळं होते.

एक व्यावहारिक सूचना. आकृती झाली की तिच्यावरून तक्ता करा. आडव्या ओळीत अवस्था, उभ्या रांगेत घटना. प्रत्येक रिकाम्या घरात एकतर ‘अशक्य’ लिहा, नाहीतर ‘दुर्लक्ष करा’, नाहीतर ‘एरर द्या’. घर रिकामं ठेवायचं नाही. टेस्ट केसेसची यादी तिथेच तयार होते आणि टेस्टिंगवाले तुम्हाला चहा पाजतात.

सिक्वेन्स डायग्राम कधी काढायची?

तीन किंवा अधिक पक्ष एकमेकांशी बोलत असतील आणि क्रम महत्त्वाचा असेल तेव्हा. दोनच पक्ष असतील तर दोन वाक्यं लिहिलेली बरी.

यूपीआय हे उत्तम उदाहरण. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेत आपल्याला दिसतं ते इतकंच: स्कॅन केलं, पिन टाकला, दुकानदाराचा साउंडबॉक्स बोलला. आत मात्र ग्राहकाचं अॅप, त्यामागची बँक, मधला एनपीसीआयचा (यूपीआय चालवणाऱ्या संस्थेचा) स्विच, पैसे देणाऱ्याची बँक आणि घेणाऱ्याची बँक असे पक्ष उभे असतात. आधी एका खात्यातून पैसे वजा होतात, मग दुसऱ्यात जमा होतात, मग दोन्हीकडे निरोप जातो. उभ्या रेषा पक्षांच्या, आडवे बाण निरोपांचे, वेळ वरून खाली वाहते.

सगळं सुरळीत झालं तर काय होतं, एवढीच सिक्वेन्स डायग्राम लोक काढतात. ती काढण्यात फार अर्थ नाही, कारण सुरळीत गोष्ट कोडमधूनही कळते. खरी आकृती ही: पैसे वजा झाले, जमा करण्याचा निरोप गेला, आणि उत्तर वेळेत आलंच नाही. आता? जमा झाले की नाही, कुणालाच माहीत नाही. पुन्हा निरोप पाठवला तर दोनदा जमा होतील का? अॅपने ग्राहकाला ‘अयशस्वी’ म्हणायचं की ‘प्रलंबित’? रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने अशा अडकलेल्या व्यवहारांना मुदत घातली: व्यक्तीला पाठवलेले पैसे जमा झाले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत, दुकानदाराच्या बाबतीत पाच दिवसांपर्यंत, त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई. तुमच्या कोडमध्ये कुठेतरी एक किंवा पाच हा आकडा बसलेला असेल. तो कुठून आला हे आकृतीतल्या त्या तुटक्या बाणाशेजारी लिहून ठेवा. दोन वर्षांनी कुणीतरी ‘हा पाच काय आहे’ विचारणारच आहे.

माझा नियम: प्रत्येक सिक्वेन्स डायग्राममध्ये निदान एक न परतलेला बाण हवा.

क्लास डायग्राम?

कोडमधले क्लास (डेटा आणि त्यावरचं काम एकत्र ठेवणारे तुकडे) आणि त्यांची नाती दाखवणारी ही आकृती. विचार करताना कागदावर काढा आणि कागद फेका. जपून ठेवायची गरज नाही, आयडीई हवी तेव्हा काढून देतो. चाळीस क्लासची, भिंतीवर लावलेली, फोटोतही न मावणारी आकृती मी पाहिली आहे. तिच्यासमोर उभं राहून कुणी काही शोधतंय असं मात्र कधी पाहिलं नाही.

मग फ्लोचार्ट?

पन्नास ओळींच्या फंक्शनचा फ्लोचार्ट काढणं म्हणजे तेच फंक्शन जास्त जागेत लिहिणं. असेंब्ली लँग्वेजच्या काळात तो उपयोगी होता, कारण तेव्हा कोडमधून रचना दिसतच नसे. गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांनी १९४७ मध्येच असे आलेख वापरले होते. पुढे इफ-एल्स आणि लूप असलेल्या भाषा आल्या, इंडेंटेशन आलं, आणि कोड स्वतःच फ्लोचार्टसारखा दिसायला लागला. संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच स्पष्ट सांगितलं होतं की फ्लोचार्टचं महत्त्व उगाच वाढवलंय.

एक अपवाद: व्यवसायाचे नियम. विमा दावा कुणाकडे जातो, किती रकमेवर दुसरी सही लागते, ते अधिकाऱ्यांशी बोलताना फ्लोचार्टइतकं कामाचं काही नाही. तो वाचायला त्यांना शिकवावं लागत नाही.

डेटाबेसची आकृती हाताने काढायची की टूलने?

पूर्ण आकृती टूलने. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये एंटिटी-रिलेशनशिप मॉडेल मांडलं, आणि आज कुठलंही डेटाबेस टूल फॉरेन की (एका टेबलातून दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणारा रकाना) वाचून ईआर डायग्राम काढून देतं. प्रश्न असा की दोनशे टेबलांची आकृती कुणी वाचत नाही. त्यामुळे त्यातली आठ-दहा मुख्य टेबलं निवडून एक छोटी आकृती हाताने करा. कोणती आठ-दहा, हे ठरवणं हेच खरं डॉक्युमेंटेशन.

रेषेच्या टोकाची ती तीन फाटे असलेली खूण, कावळ्याचा पाय, म्हणजे ‘अनेक’. फ्रेशरना एवढं सांगितलं की पुरतं. आणि जुन्या सिस्टिममध्ये फॉरेन की लावलेल्याच नसतात, तिथे टूल सुटी सुटी टेबलं दाखवेल. ते संबंध हाताने काढावे लागतील आणि त्या कामात आठवडा जाईल. तो आठवडा मागून घ्या.

कोणतं टूल वापरू?

आकृती मजकूर म्हणून लिहिता येईल असं. २००९ मध्ये आलेलं प्लँटयूएमएल आणि २०१४ मध्ये आलेलं मर्मेड ही त्यातली दोन प्रमुख नावं. तुम्ही ओळी लिहिता, मांडणी टूल करतं. २०२२ पासून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर मार्कडाउन (साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये लिहिलेली मर्मेडची आकृती थेट दिसते, वेगळी इमेज लागत नाही. सी-फोरसाठी स्ट्रक्चरायझर आहे. त्यात मॉडेल एकदाच लिहायचं आणि त्यातून वेगवेगळ्या आकृत्या काढायच्या, त्यामुळे एका सर्व्हिसचं नाव बदललं की सगळीकडे बदलतं.

मजकुराचा आग्रह का? कारण मग आकृती रेपोत राहते, पुल रिक्वेस्टमध्ये (कोडमधला बदल इतरांना तपासायला देताना) तिचा डिफ, म्हणजे काय बदललं ते, दिसतो, आणि ‘हा बाण कुणी आणि कधी काढला’ हे बदलांची नोंद ठेवणारं गिट सांगतं. चित्राच्या फाइलचा डिफ वाचता येत नाही.

तोटाही सांगतो. मांडणीवर ताबा राहत नाही. पंधरा चौकोनांनंतर मर्मेड रेषा अशा काही गुंतवतं की स्वारगेटचा चौक बरा. तेव्हा दोनच पर्याय: आकृतीचे दोन तुकडे करा, किंवा ड्रॉ डॉट आयओमध्ये हाताने मांडा आणि तिची मूळ फाइलसुद्धा रेपोत ठेवा. नुसती पीएनजी (चित्राची फाइल) ठेवू नका. पीएनजी ठेवून जो कंपनी सोडून गेला त्याला पुढची टीम काय काय म्हणते ते मी ऐकलंय.

आकृती जुनी होते त्याचं काय?

होतेच. आणि चुकीची आकृती ही आकृती नसण्यापेक्षा वाईट.

एका जुन्या नोकरीतली गोष्ट. ऑनकॉल (रात्री-अपरात्री बिघाड बघायची पाळी) माझ्याकडे होता, मध्यरात्रीनंतर ग्राहकांना एसएमएस जायचे थांबले. विकीवरच्या आकृतीत बिलिंग आणि एसएमएस यांच्यामध्ये एक क्यू (निरोपांची रांग) दाखवलेली होती. मी आणि दुसऱ्या टीमचा एक जण मिळून पाऊण तास ती तुंबलेली क्यू शोधत होतो. ती काही महिन्यांपूर्वीच काढून टाकली होती. आता सर्व्हिस थेट कॉल करत होती आणि समोरच्याच्या सुरक्षा सर्टिफिकेटची मुदत संपली होती. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. आकृतीवर तारीख असती तर मी इतका विश्वास ठेवला नसता.

तेव्हापासून पाळतो ते असं. आकृतीवर ‘शेवटची पडताळणी’ म्हणून तारीख असते, आणि काढल्याच्या तारखेऐवजी हीच महत्त्वाची. पुल रिक्वेस्टच्या टेम्प्लेटमध्ये ‘आकृती बदलावी लागेल का’ अशी एक ओळ असते. ज्या गोष्टी दर आठवड्याला बदलतात त्यांची आकृती काढतच नाही. फंक्शनची नावं बदलतात, सर्व्हिसमधल्या हद्दी वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून आकृती हद्दीची. आणि ज्या आकृतीची जबाबदारी घ्यायला स्टँडअपमध्ये (टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत) कुणीच हात वर करत नाही, ती डिलीट. गिटमध्ये असतेच, हवी तर परत काढता येते.

एका आकृतीत किती चौकोन असावेत?

लॅपटॉपच्या स्क्रीनवर स्क्रोल न करता वाचता येतील तितके. आकडा मागितलात तर मी बाराच्या आसपास थांबतो.

त्यापेक्षा चांगली कसोटी अशी: आकृतीचं शीर्षक प्रश्न म्हणून लिहा. ‘ऑर्डर आर्किटेक्चर’ ऐवजी ‘ऑर्डर रद्द केल्यावर पैसे कसे परत जातात?’ मग प्रत्येक चौकोनाला विचारा, या उत्तराला तू लागतोस का? लॉगिंग आणि मॉनिटरिंगचे चौकोन बहुतेक आकृत्यांत नुसतेच उभे असतात, लग्नात फोटोपुरत्या आलेल्या पाहुण्यांसारखे.

रंग वापरावेत का?

वापरा, पण अर्थ फक्त रंगात ठेवू नका. लाल-हिरवा फरक न दिसणारे लोक तुमच्या टीममध्ये असू शकतात, आणि ऑफिसचा प्रिंटर काळा-पांढराच असतो. कोपऱ्यात सूची द्या: सलग रेष म्हणजे काय, तुटक म्हणजे काय.

‘असं का केलं’ हे आकृतीत कसं दाखवायचं?

दाखवता येत नाही, आणि आकृतीची ही खरी मर्यादा आहे. पुन्हा सातबाऱ्याकडे येतो. उताऱ्यावर आजचा मालक दिसतो, नकाशावर आजचा बांध. पण हे नाव कसं आणि कधी लागलं, खरेदीने की वारसाने, हे बघायला फेरफार काढावा लागतो. सॉफ्टवेअरमधल्या फेरफाराला एडीआर (आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड) म्हणतात. मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवलेली ही पद्धत अगदी साधी आहे: एका निर्णयाला एक छोटी फाइल. परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्याचे परिणाम काय. निर्णय बदलला तर जुनी फाइल खोडायची नाही. नवी लिहायची, आणि जुनीवर ‘अमुक क्रमांकाने रद्द’ असं नोंदवायचं. तलाठ्याला हे नव्याने शिकवावं लागणार नाही.

आकृतीतल्या वादग्रस्त बाणाशेजारी एडीआरचा क्रमांक टाका. एवढी जोड पुरते.

आम्ही एजाइल आहोत. आम्हाला डॉक्युमेंटेशन लागत नाही.

एजाइल म्हणजे छोट्या टप्प्यांत, बदल सामावून घेत सॉफ्टवेअर करण्याची पद्धत. तिच्या २००१ च्या जाहीरनाम्यात चालणाऱ्या सॉफ्टवेअरला सर्वसमावेशक दस्तऐवजापेक्षा जास्त महत्त्व दिलंय. दस्तऐवजाला शून्य महत्त्व द्या असं त्यात कुठेच नाही. आणि ज्या टीममध्ये नोटीस पिरियडच्या शेवटच्या आठवड्यात केटी होते, तिथे हे वाक्य जरा जपून म्हणावं.

केटीमध्ये आकृती कशी वापरायची?

उलटी. जाणाऱ्याने स्लाइड दाखवायच्या आणि येणाऱ्याने मान डोलवायची, यातून काही पोचत नाही. येणाऱ्याला मार्कर द्या आणि म्हणा, तुला आतापर्यंत जे कळलंय ते काढ. जाणाऱ्याने फक्त ‘इथे चुकतोस’ एवढंच म्हणायचं. संगणकशास्त्रज्ञ पीटर नॉर यांनी १९८५ मध्ये मांडलं होतं की प्रोग्रॅम म्हणजे मुळात लिहिणाऱ्याच्या डोक्यातली समज, आणि ती समज कागदावरून जशीच्या तशी दुसऱ्याच्या डोक्यात जात नाही. ती दुसऱ्याला स्वतः बांधावी लागते. तासाभरात तीन वेळा पुसून काढलेली व्हाइटबोर्डवरची आकृती हे त्या बांधकामाचं सगळ्यात स्वस्त साधन आहे. शेवटची आवृत्ती त्या नव्या माणसानेच मर्मेडमध्ये लिहून पुल रिक्वेस्ट टाकायची. पहिल्या आठवड्यातला पहिला कमिट (रेपोत नोंदवलेला बदल), आणि त्यात बग येण्याची भीती नाही.

एआयला रेपो देऊन आकृत्या काढून घेतल्या तर?

पहिला मसुदा म्हणून जरूर घ्या. मर्मेड हा मजकूर असल्यामुळे एआयची मॉडेलं तो सहज लिहितात. पण तीन गोष्टी तपासा. एक, नावांवरून अंदाजाने काढलेले बाण: ‘नोटिफिकेशन’ नावाचा क्लास दिसला की ईमेलचा बाण येतो, मग ईमेल कोणी पाठवत असो वा नसो. दोन, कॉन्फिगरेशनमधून ठरणारे संबंध, जे कोडमध्ये नसतातच. तीन, निवड. त्याला सांगितलं नाही तर ते सगळंच काढतं, आणि सगळं काढलेली आकृती कुणी वाचत नाही. प्रश्न तुम्ही द्या, बाण त्याला काढू द्या, आणि प्रत्येक बाणासाठी कोडमधली ओळ दाखवायला सांगा. न दाखवता आलेले बाण पुसा.

लेबलं मराठीत लिहिली तर चालतात का?

तांत्रिक अडचण नाही, मर्मेड आणि प्लँटयूएमएल दोन्ही देवनागरी घेतात. फक्त प्लँटयूएमएल सर्व्हरवर चालवत असाल तर तिथे देवनागरी फॉन्ट आहे ना ते बघा, नाहीतर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात आणि आपल्याला वाटतं डेटा बिघडला. कोडमधली नावं कोडमध्ये आहेत तशीच ठेवा. बाणावरची क्रियापदं आणि टिपा मात्र टीम ज्या भाषेत भांडते त्या भाषेत खुशाल लिहा. आमच्या एका आकृतीत अजून ‘इथे हात लावू नये, आधी विचारावे’ अशी टीप आहे. ती लिहिणारी मुलगी टीम सोडून गेली, पण टीप कुणी काढलेली नाही.

व्हाइटबोर्डचा फोटो काढून रेपोत टाकला तर?

आज रात्रीपुरता चालेल. बोर्ड पुसण्याआधी काढा, त्यावर तारीख लिहा, आणि कोपऱ्यातला तो जेवणाच्या ऑर्डरचा हिशेब फ्रेमबाहेर ठेवा.